व्हीपीएन : बोगदा कोणता, किल्ली कोणाकडे?

आमलीत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या हद्दीतून जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. वापी स्टेशनवर उतरून घरी येईपर्यंत आपण गुजरात, मग दादरा, पुन्हा गुजरात आणि मग नगर हवेली अशा हद्दी ओलांडतो. दादरा तर चारही बाजूंनी गुजरातने वेढलेला तुकडा आहे. पोर्तुगीजांच्या काळात दमणच्या अधिकाऱ्याला इकडे यायचं तर मधली जमीन परक्याची होती. जुलै १९५४ मध्ये भारताने ही वाट बंद केली. त्याच दिवसांत, २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेली मुक्त झालं. या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखी मराठी माणसं होती, हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं.

त्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दाव्याचा विषयच ‘भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क’ हा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं की सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता पोर्तुगालला जाण्याचा हक्क होता. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं यांच्यासाठी नव्हता. शिवाय भारताने वाट बंद केली, त्यात कोणतंही कर्तव्य मोडलं नाही.

आता या निकालात दडलेली एक गोष्ट पाहा. माल जाऊ द्यायचा आणि शस्त्रं अडवायची, तर वाटेवरच्या माणसाला गाडीत काय आहे ते बघता यायला हवं. इंटरनेटवर आपली माहिती अशीच परक्यांच्या हद्दींतून जाते. घरचा राउटर, इंटरनेट देणारी कंपनी, हॉटेलचं वायफाय, समुद्राखालची केबल, परदेशातलं डेटा सेंटर, यातलं काहीच आपल्या मालकीचं नसतं. वाटेवरच्या कोणालाही गाडी जाताना दिसावी, पण आतला माल दिसू नये आणि बदलता येऊ नये, यासाठी जी व्यवस्था केली तिचं नाव व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजेच व्हीपीएन.

सील लावलेला कंटेनर

इंटरनेटवर सगळं काही लहान लहान पॅकेटमध्ये जातं. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. व्हीपीएन चालू केलं की आपल्या फोनमधलं किंवा लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर हे मूळ पॅकेट, त्यावरच्या पत्त्यासकट, कुलूपबंद करतं आणि दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालतं. बाहेरच्या पॅकेटवर घेणाऱ्याचा पत्ता म्हणून फक्त व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता असतो. तिथे पोचल्यावर कुलूप उघडतं आणि आतलं पॅकेट पुढे आपल्या खऱ्या मुक्कामाला जातं. यालाच बोगदा किंवा टनेल म्हणतात.

चांगल्या बोगद्याला चार कामं करावी लागतात. पहिलं, समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे ना आणि आत येणारा माणूसही आपलाच आहे ना, ही ओळख पटवणं. दुसरं, दोघांनी मिळून एक गुप्त किल्ली ठरवणं, तीही सगळे ऐकत असताना. तिसरं, त्या किल्लीने मजकूर कुलूपबंद करणं. चौथं, वाटेत कोणी एक अक्षर जरी बदललं तरी ते लगेच कळणं. ही चार कामं कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गणिताने करायची याच्या ठरलेल्या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. ‘आमच्याकडे व्हीपीएन आहे’ एवढंच सांगणं म्हणजे ‘दाराला कुलूप आहे’ एवढंच सांगणं. कुलूप कोणतं, हा खरा प्रश्न आहे.

जुनं कुलूप : पीपीटीपी

मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात पीपीटीपी तयार केलं. विंडोजमध्ये ते आयतंच मिळायचं, नाव-पासवर्ड टाकला की जोडणी व्हायची, म्हणून ते जगभर पसरलं. पण १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि मज या दोन तज्ज्ञांनी त्यातल्या गंभीर चुका दाखवल्या. मायक्रोसॉफ्टने पासवर्ड तपासण्याची सुधारित पद्धत आणली. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी डेफकॉन परिषदेत दाखवलं की या सुधारित पद्धतीचं सगळं कोडं शेवटी एका ५६ बिटांच्या डीईएस किल्लीवर येऊन थांबतं.

५६ बिट म्हणजे सुमारे ७२ हजार लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण यंत्राला तसं नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने १९९८ मध्येच खास यंत्र बांधून डीईएस किल्ली तीन दिवसांच्या आत शोधली होती. २०१२ मध्ये हेच काम पैसे भरून एका दिवसात करून मिळत होतं. म्हणजे तुमचा पासवर्ड कितीही लांबलचक आणि अवघड असो, पीपीटीपीची जोडणी कोणी टिपून ठेवली तर ती उघडतेच. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून आयफोनमधलं पीपीटीपी काढून टाकलं. तरी जुन्या राउटरच्या मेनूमध्ये हा पर्याय अजून दिसतो, आणि ‘सोपं आहे’ म्हणून कोणी ना कोणी तो निवडतो.

एलटूटीपी, आयपीसेक आणि चालत्या गाडीतली जोडणी

१९९९ मध्ये एलटूटीपी आलं. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : एलटूटीपी स्वतः काहीच कुलूपबंद करत नाही. ते फक्त बोगदा खणतं. कुलूप लावण्याचं काम आयपीसेक करतं, म्हणून ही जोडी नेहमी एकत्र वापरतात. आयपीसेकचं गणित भक्कम आहे, पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सगळ्यांना एकच सामायिक किल्ली दिली जाते. काही व्हीपीएन कंपन्या तर ती आपल्या मदत पानावर छापतात. ती किल्ली माहीत असलेला माणूस वाटेत स्वतःचाच खोटा सर्व्हर उभा करू शकतो. म्हणजे कुलूप उत्तम आणि किल्ली पायपुसण्याखाली, अशी गत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांमधून पीपीटीपी आणि एलटूटीपी हे दोन्ही टप्प्याटप्प्याने जातील.

त्याऐवजी सुचवलेल्यांपैकी एक म्हणजे आयकेईव्हीटू. हे आयपीसेकच वापरतं, पण किल्ली ठरवण्याची पद्धत नवी आणि नेटकी आहे. ते २००५ मध्ये प्रमाणित झालं. पुढच्याच वर्षी त्याला मोबाइक नावाची जोड मिळाली. तुम्ही घरच्या वायफायवरून बाहेर पडलात आणि फोन मोबाइल डेटावर गेला, तर तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो. साधी जोडणी अशा वेळी तुटते. मोबाइकमुळे तीच जोडणी नव्या पत्त्यावर चालू राहते. वापीहून मुंबईला जाताना गाडीत ऑफिसचं काम करणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल.

मायक्रोसॉफ्टचं एसएसटीपी २००८ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकसोबत आलं. बँकेची वेबसाइट ज्या टीएलएस कुलपाने आणि ज्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालते, त्याच वाटेने हे जातं. त्यामुळे हॉटेल किंवा कॉलेजचं कडक फायरवॉल असलं तरी ते सहसा अडत नाही.

ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड

जेम्स योनान हा प्रोग्रामर मध्य आशियात फिरत असताना त्याला ऑफिसशी जोडलेलं राहायचं होतं, आणि ती जोडणी भरवशाची नसलेल्या देशांमधून जात होती. त्यातून २००१ मध्ये ओपनव्हीपीएन जन्माला आलं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. वीस-बावीस वर्षं जगभरच्या तज्ज्ञांनी तो उलटापालटा करून पाहिला आहे. नीट बसवलं तर ते आजही विश्वासाचं आहे. त्याची अडचण म्हणजे पर्याय फार आणि कोड मोठा. शिवाय ते ज्या ओपनएसएसएल लायब्ररीवर उभं आहे, तिच्यात २०१४ मध्ये हार्टब्लीड हा गाजलेला दोष सापडला तेव्हा ओपनव्हीपीएनलाही झळ बसली. पाया दुसऱ्याचा असला की त्याची डागडुजीही वेळच्या वेळी करावी लागते.

जेसन डोनेनफेल्ड यांनी वायरगार्ड बनवताना उलटा विचार केला. त्यांनी कुलपांची यादी दिलीच नाही. एकच आधुनिक संच निवडला आणि कोड चार हजार ओळींच्या आत ठेवला. एक जाणकार माणूस काही दिवस बसून तो पूर्ण वाचू शकतो. सुरक्षेच्या कामात हा फार मोठा गुण आहे, कारण न वाचलेल्या ओळींतच दोष राहतात. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत वायरगार्ड मूळ गाभ्यातच सामील झालं. साधारण दर दोन मिनिटांनी ते नवी किल्ली ठरवतं. त्यामुळे उद्या एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली, तरी कालचं सगळं संभाषण उघडत नाही. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर ते उत्तरच देत नाही. आत कोणी आहे की नाही, हेसुद्धा बाहेरच्याला कळत नाही.

मर्यादा त्यालाही आहेत. ते फक्त यूडीपी प्रकारच्या पॅकेटवर चालतं, त्यामुळे काही ठिकाणी अडतं. त्यात नाव-पासवर्ड ही गोष्टच नाही, प्रत्येक उपकरणाची वेगळी किल्ली असते. हरवलेल्या फोनची किल्ली सर्व्हरवरून काढून टाकायची आठवण माणसालाच ठेवावी लागते.

माझं मत विचाराल तर आज नव्याने बसवायचं असेल तर वायरगार्ड किंवा आयकेईव्हीटू, आणि आधीपासून नीट चाललेलं ओपनव्हीपीएन असेल तर तेच ठेवायला हरकत नाही. पीपीटीपी दिसलं तर त्याच दिवशी बंद करावं.

बोगदा शाबूत, तरीही चोरी

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. ही पाइपलाइन त्या देशाच्या पूर्व किनाऱ्याचं जवळपास ४५ टक्के इंधन पुरवत होती. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. त्यातले बरेचसे पुढे सरकारने परत मिळवले. पण चोर आत आले कसे? त्यांनी कोणतंही कुलूप फोडलं नव्हतं. व्हीपीएनचं एक जुनं खातं होतं. ते कोणी वापरत नव्हतं, पण बंदही केलं नव्हतं. त्याचा पासवर्ड बाहेर फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत होता, आणि त्या खात्याला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती.

हे वाचताना मला मसाट, पिपरिया, नरोली इथले आपले कारखाने आठवतात. उत्पादन इकडे आणि मुख्य ऑफिस मुंबईला, ही आपल्याकडची नेहमीची रचना. इथल्या कॉम्प्युटरवरचं टॅली मुंबईहून बघायचं असतं. त्यासाठी अनेक छोट्या ठिकाणी रिमोट डेस्कटॉपचं दार थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं जातं. रॅन्समवेअरवाल्यांची ही आवडती वाट आहे. ते दार व्हीपीएनच्या आत घेणं हा पहिला उपाय. दुसरा उपाय याहून सोपा आणि बिनखर्चाचा : अकाउंटंट नोकरी सोडून गेला की त्याच संध्याकाळी त्याचं खातं बंद करणं. आपल्यापैकी कोणी अशा कारखान्यात काम करत असेल, तर सोमवारी जाऊन एवढं एकच विचारावं, ‘व्हीपीएनमध्ये कोणाकोणाची खाती आहेत?’

बोगद्याला बगल देण्याचाही प्रकार असतो. मे २०२४ मध्ये लेव्हायथन सिक्युरिटीच्या संशोधकांनी टनेलव्हिजन नावाने तो मांडला. वायफायला जोडताना राउटर आपल्या उपकरणाला पत्ता आणि रस्ता सांगतो. दुष्ट राउटर त्यातच असा रस्ता सांगू शकतो की पॅकेट बोगद्यात शिरतच नाहीत, आणि स्क्रीनवर मात्र ‘व्हीपीएन चालू’ असंच दिसतं. अँड्रॉइड फोन तो प्रकारचा आदेश मानतच नाहीत, म्हणून ते यातून वाचले. परक्या वायफायपेक्षा स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट बरा, असं मी घरात सांगतो ते यासाठीच.

‘मामा, फुकटचं व्हीपीएन टाकू का?’

माझी भाची अकरावीत आहे. तिने हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिला उलट विचारलं, ‘सर्व्हर, वीज, केबल यांचा खर्च कोण देतं?’ ती म्हणाली, ‘जाहिराती?’ उत्तर अर्धं बरोबर होतं.

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ आणि दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप काहीच कुलूपबंद करत नव्हती. ३८ टक्क्यांमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा आढळल्या. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचं फुकट व्हीपीएन ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवतो’ म्हणत होतं, आणि लोक कोणतं ॲप किती वापरतात याची माहिती कंपनीला पुरवत होतं. ॲपलने २०१८ मध्ये ते स्टोअरमधून काढायला लावलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने याच प्रकरणी फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

मुद्दा असा की व्हीपीएनमुळे विश्वास नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. आधी इंटरनेट कंपनीला दिसायचं की तुम्ही कुठे जाता. आता ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला तोच उभा असतो.

आणखी एक गैरसमज. बँकेची किंवा ईमेलची वेबसाइट आज एचटीटीपीएसने आधीच कुलूपबंद असते. तुमचा पासवर्ड वायफायवाल्याला तसाही दिसत नाही. फार तर तुम्ही कोणत्या साइटवर गेलात एवढं कळतं. उलट खोट्या लिंकवर तुम्ही स्वतः ओटीपी टाकलात, किंवा ‘डिजिटल अटक’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवलेत, तर जगातलं सर्वांत भारी व्हीपीएनसुद्धा काही करू शकत नाही. ते खोट्या साइटपर्यंतची वाट तेवढी सुरक्षित करतं.

आपल्याकडचा कायदा

भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी वेळोवेळी तात्पुरती बंदी घातली आहे, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. आणि व्हीपीएन लावून केलेला गुन्हा हा गुन्हाच राहतो.

२०२० पूर्वी कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांना घरून काम करू द्यायचं तर एक कोटी रुपयांची अनामत आणि ठरावीक प्रकारचं व्हीपीएन अशा अटी होत्या. मार्च २०२० मध्ये दूरसंचार विभागाने त्या शिथिल केल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या नियमांनी घरून काम करणं सोपं केलं. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपली मुलं त्या काळात लॅपटॉप घेऊन आमलीला परतली आणि इथून काम करू शकली, त्यामागे हा बदलही होता.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला. व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेला आयपी पत्ता आणि वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं, असं त्यात आहे. कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही, असा खुलासा नंतर झाला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी त्यानंतर भारतातले आपले सर्व्हर बंद केले. गुन्हेगार शोधायला नोंदी लागतात, ही सरकारची बाजू. नोंदी साठवल्या की त्या फुटण्याचाही धोका साठतो, ही दुसरी बाजू. तरुण वाचकांनी दोन्ही समजून घेऊन आपलं मत बनवावं. उद्या याचे नियम तुमच्याच पिढीला लिहायचे आहेत.

घरी आज काय करता येईल

ऑफिसने व्हीपीएन दिलं असेल तर तेच वापरा, आणि त्याच लॅपटॉपवर दुसरं फुकट व्हीपीएन टाकू नका. विकत घेणार असाल तर कंपनी कोणाची आहे, तिची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली आहे का आणि प्रोटोकॉल कोणता आहे, हे आधी वाचा. सेटिंगमध्ये ‘किल स्विच’ असेल तर चालू ठेवा. बोगदा तुटला की इंटरनेटच थांबतं, माहिती उघड्यावर जात नाही. फोन आणि राउटरचे अपडेट टाळू नका. जिथे मिळेल तिथे दुहेरी तपासणी लावा.

आणि आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या फोनमध्ये न कळत आलेलं एखादं व्हीपीएन ॲप आहे का, हे या रविवारी बघा. सेटिंगमध्ये व्हीपीएन असं शोधलं की यादी दिसते. ‘हे कोणी टाकलं?’ याला कोणाकडेच उत्तर नसेल, तर ते काढून टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत.